घटकाभराचे स्वातंत्र्य

गेल्या पावसाळ्यात चळवळीतील एका जुन्या सहकाऱ्यास भेटण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमात जाण्याचा योग आला. सहकाऱ्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. खामगावच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात त्यांनी हयात घालविली, हंगामी कामगारांची युनियन बांधली, तिच्यासाठी मालकांचा रोष पत्करला. पत्नी निवर्तली, मुलगा पुण्यास कारखान्यात लागला, आणि पुढे गुडघे व डोळे दोहोंनीही दगा दिला, तेव्हा ते आपण होऊन या आश्रमात आले. कोणी त्यांना आणून टाकलेले नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. आश्रम विश्वस्त संस्थेचा आहे, विश्वस्त सज्जन आहेत, पैशाचा गैरव्यवहार नाही, इमारत स्वच्छ आहे. म्हणजे तक्रारीला सकृद्दर्शनी जागा नाही.

मी तेथे एक रात्र मुक्काम केला. पहाटे पावणेपाचला घंटा झाली. पाच वाजता अंघोळी सुरू झाल्या, सातला नाश्ता, साडेदहाला जेवण, सायंकाळी सहाला दुसरे जेवण आणि साडेआठला दिवे बंद. जेवणात दोन्ही वेळा भात व वरण. ज्या माणसाने सत्तर वर्षे ज्वारीच्या भाकरीवर काढली त्याला भाकरी आठवड्यातून एकदा मिळते. त्या दिवशी कोणा दात्याच्या मुलाचा वाढदिवस होता. चाळीस वृद्ध ओळीने बसले, दात्याने प्रत्येकाच्या ताटात जिलेबी वाढली, छायाचित्र निघाले, आणि मगच ‘वदनी कवळ’ झाले. माझ्या सहकाऱ्यांना मधुमेह आहे. जिलेबी ताटात तशीच राहिली, पण छायाचित्रासाठी हात जोडावे लागले.

दुपारी मी म्हटले, “चला भाऊ, बाजार आहे, गावात चहा घेऊन येऊ.” ते हसले. बाहेर जायचे तर मुलाची लेखी संमती लागते, आणि मुलगा पुण्यात. मग आपल्या वऱ्हाडी बोलीत ते जे बोलले ते माझ्या मनातून जात नाही : “सर, सरकारनं मले अख्खा महाराष्ट्र फुकट फिराले मोकळा केला, पन हे फाटक काही माह्यासाठी उघडत नाही!”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकास राज्य परिवहनच्या गाडीतून राज्यभर विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. पण ही सवलत वापरण्यासाठी आधी एस. टी. स्टँडपर्यंत पोचावे लागते, आणि त्या वाटेवर एक फाटक आहे.

स्वातंत्र्याची चुकीची व्याख्या

वार्धक्य आणि स्वातंत्र्य यांची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा एक गृहीतक मनात धरलेले असते. जो स्वतःचे सर्व स्वतः करतो तो स्वतंत्र, आणि ज्याला दुसऱ्याचा हात धरावा लागतो तो परतंत्र. ही व्याख्या मुळात बाजारातील तरुण, धडधाकट, एकट्या पुरुषाकडे पाहून केलेली आहे, आणि त्या पुरुषालाही ती लागू पडत नाही. त्याची भाकरी कोणी तरी थापते, त्याचे कपडे कोणी तरी धुते. तो परावलंबीच असतो. फक्त त्याचे परावलंबन घरातील बाईच्या श्रमात झाकलेले असते, म्हणून दिसत नाही.

तेव्हा मदत घ्यावी लागते म्हणून वृद्धाचे स्वातंत्र्य जात नाही. मदत कोणत्या अटीवर मिळते यावर ते अवलंबून असते. सकाळी केव्हा उठावे, काय खावे, कोणास भेटावे, स्वतःचे चार पैसे कशावर खर्च करावेत, हे निर्णय ज्याच्या हाती आहेत तो खुर्चीला खिळलेला असला तरी स्वतंत्र आहे. हे निर्णय ज्याच्या हातून गेले तो आपल्या पायांनी चालत असला तरी कैदी आहे. माझ्या सहकाऱ्यांना निवृत्तिवेतनाचे साडेतेराशे रुपये येतात. त्यांचे बँकेचे पासबुक कार्यालयाच्या कपाटात आहे. ज्यांनी शेकडो कामगारांच्या हजेरीपटावर आणि बोनसच्या आकड्यांवर मालकांशी हुज्जत घातली, त्यांना वर्तमानपत्राच्या पैशांसाठी व्यवस्थापकाकडे जावे लागते.

मी व्यवस्थापकांशी बोललो. ते दुष्ट गृहस्थ नाहीत, आणि त्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. पूर्वी एका वृद्धाच्या खात्यातील सर्व रक्कम पुतण्याने बँकेत नेऊन, अंगठा घेऊन काढली. तेव्हापासून पासबुके कपाटात आली. एक वृद्धा बाजारात गेली ती वाट चुकली, आणि नातेवाईक संस्थेवर फिर्याद करायला निघाले. तेव्हापासून फाटकावर चिठ्ठी आली. प्रत्येक बंधनामागे एक प्रसंग आहे. एकाच्या बाबतीत घडले म्हणून चाळीस जणांवर नियम बसला, आणि तो कधीच उठला नाही.

चोवीस मिनिटांचा हिशेब

मग मी विचारले, पहाटे पाचला अंघोळ कशासाठी? यांपैकी कोणालाच कामावर जायचे नाही.

उत्तर मला अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभेल असे मिळाले. आश्रमात चाळीस वृद्ध. स्वयंपाकाची एक बाई वेगळी. उरलेल्या सर्व कामासाठी शेजारच्या गावातील दोन बायका, प्रत्येकी आठ तास. चाळिसांपैकी पंधरांना हात धरून न्हाणीपर्यंत न्यावे लागते, अंग चोळावे लागते, कपडे घालावे लागतात. नाश्ता सातला असेल तर पहिल्याची पाळी पाचला आलीच पाहिजे. आणि घंटा एकच असल्यामुळे उरलेले पंचवीस जणही पाचलाच उठतात.

दोन बायकांचे सोळा तास म्हणजे ९६० मिनिटे. त्यांना चाळिसांनी भागले तर प्रत्येक वृद्धाच्या वाट्याला दिवसाची चोवीस मिनिटे येतात. आपल्या जुन्या कालगणनेत चोवीस मिनिटांची एक घटका होते. झाडलोट, अंथरुणे, कपडे हे सर्व त्याच घटकेतून वजा करायचे. जे उरेल तेवढ्यात एका माणसाचे म्हातारपण सांभाळायचे. भाकरी आठवड्यातून एकदाच का, तेही याच हिशेबात आले. भात कुकरला लावला की झाले. चाळीस जणांच्या दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापायच्या तर आणखी एक माणूस हवा. बाहेर फिरायला का जाऊ देत नाहीत? कारण सोबतीला माणूस नाही.

म्हणजे ज्याला आपण आश्रमाची ‘शिस्त’ म्हणतो ती बहुतांशी श्रमशक्तीच्या तुटवड्याने घालून दिलेली वेळापत्रके आहेत. पुढे नियम हळूहळू नीतीचे रूप घेतो, आणि ‘पहाटे उठणे प्रकृतीला चांगले’ अशी त्याची भलामण सुरू होते, हा भाग वेगळा.

त्या दोन बायकांविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. दोघीही पूर्वी निंदणी-वेचणीच्या मजूर. एकीचा नवरा कर्जापायी गेलेला. आश्रमातील मोबदल्याला संस्था ‘मानधन’ म्हणते, कारण काम ‘सेवा’ आहे. सेवा म्हटली की किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी, भविष्य निर्वाह निधी हे शब्द अप्रशस्त वाटू लागतात. म्हणजे वृद्धाला उपकृत ठेवणारी जी दानाची भाषा आहे, तीच त्याची काळजी घेणाऱ्या मजूर बाईला वेतनापासून वंचित ठेवते. आज ती ज्या म्हाताऱ्याला न्हाऊ घालते त्याला निदान साडेतेराशे रुपये येतात. वीस वर्षांनी तिच्या हाती काय असेल? वृद्धांचे स्वातंत्र्य आणि या कामगार स्त्रीचे हक्क हे दोन स्वतंत्र प्रश्न मानण्याची चूक आपण करता कामा नये.

मदत मिळण्याचे तीन मार्ग

आज आपल्या समाजात वृद्धाला मदत मिळण्याचे तीन मार्ग आहेत : कुटुंब, बाजार आणि दान.

कुटुंबाची थोरवी आपण सर्वच गातो. वृद्धाश्रमांची मागणी केली की आपल्याच पक्षातील काही मित्र म्हणतात, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपली कुटुंबव्यवस्था टिकवा. या मित्रांना एवढेच विचारावेसे वाटते की तुमच्या घरात आईचे अंथरूण कोण बदलते? उत्तर बहुधा ‘सून’ असे येते. कुटुंबव्यवस्थेचा गौरव करणारे एक असतात आणि तिचे ओझे वाहणारे दुसरेच असतात. शिवाय आपल्या जिल्ह्यात कुटुंब राहिले आहे कोठे? २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना मदतयोजना जाहीर केली त्यांत बुलढाणा होता. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन यांवर तीन पिढ्या एका छपराखाली जगत नाहीत. तरुण पुण्यास जातात, मुंबईस जातात, सुरतेस जातात. मागे राहते ते दोन म्हाताऱ्यांचे, पुष्कळदा एकाच म्हातारीचे घर. मुलगा नालायक निघाला असे यात काही नाही. कारखान्याच्या पगारात दहा बाय बाराच्या खोलीत तो आईला कोठे ठेवणार?

दुसरा मार्ग बाजाराचा. पुण्यात परांजपे बिल्डरांची ‘अथश्री’सारखी संकुले उभी राहिली. ज्याला घर विकत घेता येते, दरमहा देखभालीचे पैसे भरता येतात, त्याला तेथे दवाखाना, भोजनगृह, उतार, आधाराचे कठडे सर्व मिळते, आणि मुख्य म्हणजे त्याला कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत. तो ग्राहक असतो. या मंडळींचा मी हेवा करीत नाही. उलट, वार्धक्य कसे असू शकते याचा हा पुरावाच आहे. पण शासनाचे लक्ष कोणत्या वृद्धाकडे आहे ते पाहा. अशा गृहप्रकल्पांतील दारे किती रुंद असावीत, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या कशा असाव्यात, याची मार्गदर्शक तत्त्वे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२४ मध्ये आखून दिली. वृद्धाश्रमांची सक्तीने नोंदणी व्हावी आणि त्यांना किमान मानके लागू व्हावीत यासाठी मात्र केंद्राने ११ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत मांडलेले दुरुस्ती विधेयक साडेचार वर्षे पडून राहिले, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच बारगळले. जो विकत घेतो त्याच्या दाराच्या रुंदीचा विचार झाला. जो विकत घेऊ शकत नाही त्याच्यासाठी किती हात असावेत, याचा नाही.

तिसरा मार्ग दानाचा. विदर्भाला दानाची आणि सेवेची मोठी परंपरा आहे. बाबा आमट्यांनी आनंदवनात कुष्ठरोग्याला भिक्षा दिली नाही, काम दिले. दानापेक्षा प्रतिष्ठा मोठी, हे त्यांनी आपल्या भूमीत सिद्ध करून दाखविले. आपल्याच जिल्ह्यात चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे ‘सेवासंकल्प’ने रस्त्यावरच्या निराधार मनोरुग्णांना आसरा दिला. असे काम करणाऱ्यांपुढे मी नम्र आहे. परंतु शासनाने जे करावयास हवे ते चार सहृदय माणसांनी आयुष्य झिजवून करावे, आणि आपण त्यांचा सत्कार करून मोकळे व्हावे, हे समाजवादी विचाराला मान्य होण्यासारखे नाही. दान घेणारा कितीही सन्मानाने वागविला गेला तरी त्याच्याजवळ तक्रारीचा अधिकार नसतो. ज्याचे खावे त्याच्याविषयी बोलावे कसे, या मिंधेपणात तो जगतो. माझे सहकारी मालकाशी भांडले, कारण तेथे ते श्रम विकत होते. आश्रमाशी ते भांडत नाहीत.

‘करील’ आणि ‘करू शकेल’

चौथा मार्ग हक्काचा. तो आपल्या राज्यघटनेत लिहिलेला आहे. अनुच्छेद ४१ वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद करण्यास राज्यास सांगतो, पण ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या शब्दांसह. पुढे २००७ मध्ये माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा झाला. मुलांकडून निर्वाहभत्ता मिळविण्याची न्यायाधिकरणे त्याने निर्माण केली, आणि त्याची मर्यादा दरमहा १०,००० रुपयांपर्यंत ठेवली. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांसाठी एक वृद्धाश्रम, अशी कल्पना आहे. मात्र शासन तो स्थापन ‘करील’ असे तेथे म्हटलेले नाही, ‘करू शकेल’ असे म्हटले आहे. मुलावर कायद्याने सक्ती आहे, सरकारवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०१८ च्या निकालात जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करण्यास केंद्रास सांगितले, तेव्हा कायदा होऊन अकरा वर्षे झाली होती.

आता पैशाचा प्रश्न घेऊ, कारण हाती पैसा नसेल तर हक्काच्या गप्पा पोकळ आहेत. ‘श्रावणबाळ’ योजनेचे निवृत्तिवेतन राज्याने २०२३ मध्ये १,००० रुपयांवरून १,५०० केले. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. त्यातील केंद्राचा वाटा २००७ मध्ये २०० रुपये होता. २०२४ मध्येही, वयाची ऐंशी वर्षे होईपर्यंत, तो २०० रुपयेच होता. या सतरा वर्षांत तुरीची डाळ कोठून कोठे गेली, ते वाचकांना सांगण्याची गरज नाही. आणि हे वेतन मिळण्यासाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला हवा. आता याची तुलना २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेशी करा. तेथेही दरमहा १,५०० रुपयेच ठरले, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वयाची मर्यादा पासष्ट. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी जी बाई दोन लाखांच्या कुटुंबात राहूनही मदतीस पात्र होती, ती पासष्ट वर्षे पूर्ण होताच लाभातून बाहेर पडते, आणि श्रावणबाळच्या दारात गेली तर तिला एकवीस हजारांचा उंबरठा दाखविला जातो. हात-पाय थकण्याच्या सुमारास राज्याची माया नेमकी आटते. या विसंगतीला कोणती आर्थिक क्षमता कारणीभूत आहे, हे अर्थमंत्र्यांनीच सांगावे.

हे झाले निराधारांचे. ज्यांनी आयुष्यभर वर्गणी भरली त्यांचे काय? कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ मध्ये आली. २०१३ मध्ये कोश्यारी समितीने किमान निवृत्तिवेतन ३,००० रुपये करण्याची शिफारस केली, तर १ सप्टेंबर २०१४ पासून ते १,००० रुपये ठरले, आणि पुढील दहा वर्षांत त्यात एक रुपयाची भर पडली नाही. त्याला महागाई भत्ताही जोडलेला नाही. या अन्यायाविरुद्धच्या लढ्याचे एक ठाणे आपल्या बुलढाण्यात आहे, याचा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना अभिमान वाटला पाहिजे. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय संघर्ष समितीने २४ डिसेंबर २०१८ रोजी बुलढाण्यात साखळी उपोषण सुरू केले आणि ते वर्षानुवर्षे चालविले. किमान ७,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि पती-पत्नींना मोफत वैद्यकीय उपचार, ही त्यांची मागणी. एस. टी.चे वाहक, सहकारी संस्थांचे कारकून, गिरण्यांचे कामगार असे सत्तरी ओलांडलेले लोक पाळीपाळीने मांडवात बसले. ‘वृद्धांना आदर द्या’ अशी विनवणी त्यांनी केली नाही. त्यांनी आपले पैसे मागितले. वृद्धांच्या स्वातंत्र्याची चळवळ कोणत्या शब्दांत बोलते, ते मला त्या मांडवात दिसते.

प्रधान मास्तरांचा निर्णय

येथे ग. प्र. प्रधानांचे स्मरण होते. फर्ग्युसनमध्ये इंग्रजीचे अध्यापन, बेचाळीसचा आणि आणीबाणीतला तुरुंगवास, विधान परिषदेतील विरोधी पक्षनेतेपद, ‘साधना’चे संपादन, असे भरगच्च आयुष्य जगल्यावर मास्तरांनी पुण्यातील सदाशिव पेठेतले आपले राहते घर साधना ट्रस्टला देऊन टाकले, आणि अखेरची वर्षे हडपसरच्या साने गुरुजी रुग्णालयात काढली. २०१० मध्ये ते गेले. तेव्हा त्यांच्या त्यागाविषयी पुष्कळ लिहिले गेले. मला त्यातील दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. घर सोडण्याचा निर्णय त्यांचा होता, कोठे राहायचे हा निर्णय त्यांचा होता, आणि जेथे गेले तेथे चळवळीतील माणसे होती. त्यांना शरीरासाठी आधार घ्यावा लागला, पण स्वतःविषयीचे निर्णय कोणी काढून घेतले नाहीत.

मास्तरांना हे लाभले, कारण त्यांच्यामागे संस्था होत्या आणि देऊन टाकायला घर होते. खामगावच्या जिनिंगमधील कामगाराजवळ यांपैकी काही नाही. जे मास्तरांना नैतिक उंचीमुळे मिळाले ते साध्या कामगाराला कायद्यामुळे मिळाले पाहिजे. समाजवादाचा अर्थ मी तरी असाच समजतो.

पक्षाने काय करावे

पहिली गोष्ट निवृत्तिवेतनाची. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने सर्व वृद्ध श्रमिकांना किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मागितले होते. ती मागणी आपण पुन्हा हाती घ्यावी : उत्पन्नाच्या दाखल्याची अट नको, मुलाच्या पगाराचा संबंध नको, आणि महागाईशी सांगड हवी. ज्या वृद्धाच्या हाती स्वतःचे पैसे आहेत तो घरात राहिला तरी सुनेला भार होत नाही, आणि आश्रमात गेला तरी याचक ठरत नाही.

दुसरी गोष्ट घरपोच मदतीची. आश्रमात जावे लागू नये, ही अनेकांची इच्छा असते. त्यासाठी गावात दोन वेळचे जेवण आणि आठवड्यातून दोनदा येणारी परिचारिका एवढेही पुष्कळदा पुरते. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचे धोरण ठरवून पंचायतींमार्फत परिचारिका रुग्णांच्या घरी पाठविण्याची व्यवस्था उभारली. जेवणाबाबत आपल्याच चळवळीचा अनुभव आहे. हमाल पंचायतीने पुण्यात १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, आणि ना दान ना नफा या पायावर स्वस्त, ताजे अन्न कष्टकऱ्याला देता येते हे दाखवून दिले. तालुक्याच्या गावी असे केंद्र निघाले तर त्यातून वृद्धाला भाकरी मिळेल आणि भाकरी थापणाऱ्या बाईला वेतन मिळेल.

तिसरी गोष्ट आश्रमांची. कलम १९ मधील ‘करू शकेल’च्या जागी ‘करील’ आले पाहिजे. प्रत्येक आश्रमाची नोंदणी हवी, किती वृद्धांमागे किती कामगार हे प्रमाण कायद्याने ठरलेले हवे, त्या कामगारांना किमान वेतन हवे, आणि रहिवाशांची निवडून आलेली समिती व्यवस्थापनात हवी. खर्च वाढेल, हे उघड आहे. तो शासनाने द्यावा. आश्रमांच्या सज्जन विश्वस्तांशी आपले भांडण नाही. त्यांना दात्याच्या वाढदिवसावर विसंबून राहावे लागू नये, हेच तर आपण मागतो आहोत.

हे सर्व होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या परिसरातील वृद्धाश्रमात जावे. फळे वाटायला जाऊ नये. बसून बोलावे, आणि चार गोष्टी विचाराव्यात. तुमचे पासबुक कोणाजवळ आहे? बाहेर जाण्यास परवानगी कोणाची लागते? जेवणात काय असावे हे कोण ठरविते? आणि तुम्हाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला महिन्याला काय मिळते? या चार उत्तरांतून कार्यक्रम आपोआप तयार होईल. आपल्या शाखांतून सत्तरी ओलांडलेले, पक्षासाठी संसाराकडे पाठ फिरविलेले, निवृत्तिवेतन नसलेले किती कार्यकर्ते आहेत याचीही नोंद त्याच वेळी करावी. तो आकडा आपल्याला खाली पाहावयास लावील अशी मला भीती आहे, पण तो ठाऊक असलेला बरा.

माझ्या सहकाऱ्यांचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. विश्वस्तांच्या बैठकीत मी आणि स्थानिक शाखेच्या दोघा मित्रांनी विषय मांडला. तासभर वाद झाला. अखेर एवढे ठरले की ज्यांची वाट चुकण्याची भीती नाही अशा रहिवाशांनी मुलाची चिठ्ठी न आणता नोंदवहीत स्वतः सही करून बाहेर जावे, आणि सायंकाळच्या जेवणापर्यंत परतावे. पासबुकाचा प्रश्न पुढील बैठकीवर ढकलला गेला. मदतनीस बायकांच्या मानधनाचा विषय निघाला तेव्हा विश्वस्तांनी संस्थेची शिल्लक दाखविली. ती खरोखरच नगण्य होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भाऊंनी नोंदवहीत सही केली. गुडघ्यांमुळे स्टँडपर्यंतच्या वाटेत त्यांना तीनदा बसावे लागले, असे शाखेच्या मित्राने कळविले. तो बरोबर होता, पण हात पुढे करण्याआधी त्याने प्रत्येक वेळी विचारले, असेही त्याने लिहिले आहे. स्टँडवर चहा झाला, वर्तमानपत्र घेतले गेले, आणि पैसे मात्र मित्रालाच द्यावे लागले, कारण पासबुक अजून कपाटात आहे. पुढील बैठकीस मी जाणार आहे.